पाणी भरण्याआधी जाळी

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. पूर्वी ट्रॉलीचे फाळके, खिडक्यांचे गज, गोठ्याचे सांगाडे, लग्नसराईत कपाटं असं काम चालायचं. शेततळ्याच्या जाळीचं काम मागून आलं आणि आता वर्षातला मोठा हंगाम त्याचाच असतो. अँगल, जाळीचे गठ्ठे, सिमेंट आणि मशीन टेम्पोत टाकून आम्ही पाटोदा, शिरूर कासारला जातो, कधी गेवराईकडे उतरतो, कधी बालाघाटाच्या माळावरून धारूर-केजपर्यंत पोचतो. कुठे डाळिंब असतं, कुठे मोसंबी, कुठे रेशमाच्या किड्यांसाठी तुती. मागणी मात्र सगळीकडे एकच असते, ‘तळ्याला जाळी मारून द्या.’

ही जाळी कशासाठी हवी, हे मी काम घेण्याआधी विचारतो. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. कुत्री तळ्यातल्या प्लॅस्टिकच्या कागदावर उतरतात, रानडुकरं येतात, हरणं पाणी प्यायला येतात आणि खुरांनी कागद फाटतो. हे खरंच आहे. शेततळ्यात अंथरायचा पाचशे मायक्रॉनचा कागद महाग असतो आणि त्याला भोक पडलं की उन्हाळ्यासाठी साठवलेलं पाणी झिरपून जातं. पण डुकरासाठी मारलेली जाळी वेगळी आणि मुलासाठी मारलेली जाळी वेगळी. दोन्हींचं सामान एकच, माप वेगळं. या धंद्यात मला जे काही कळलं ते एवढंच आहे आणि ते सगळ्यांपर्यंत जावं म्हणून लिहितो आहे.

आमच्याकडे एवढी तळी का झाली, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. बीड जिल्हा कमी पावसाचा. २०१२-१३चा दुष्काळ आम्ही काढला, त्यापाठोपाठ २०१५-१६चा आला. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. आमच्या केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण त्या वर्षी कोरडं पडलं होतं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली. एका तळ्याला तेव्हा जास्तीत जास्त पन्नास हजार रुपये अनुदान होतं आणि सगळ्यात मोठं माप तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. गावोगावी पोकलेन फिरू लागले. पावसाळ्यात विहिरीचं, बोअरचं पाणी उपसून तळं भरायचं, मार्च ते जून बाग जगवायची, हे गणित बसलं. या तळ्यांनी आमच्या भागात बागा तगवल्या. त्यांच्याविरुद्ध एक अक्षर माझ्या तोंडून निघणार नाही.

पण त्या मापाकडे एकदा नीट बघावं. तीस बाय तीसच्या तळ्यात उतार धरून सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावतं. ऑलिंपिकच्या स्पर्धा होतात तो पोहण्याचा तलाव पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल धरला तर त्यात पंचवीस लाख लिटर बसतं. म्हणजे वस्तीवरच्या एका घरामागे जवळजवळ तेवढं पाणी उभं असतं. शहरातल्या तलावाला शिडी असते, पायऱ्या असतात, एका बाजूला उथळ पाणी असतं, शिट्टी घेतलेला माणूस असतो. आमच्या तळ्याला चारही बाजूंनी सारखा उतार असतो, आणि त्या उतारावर प्लॅस्टिक.

या प्लॅस्टिकचा धोका त्याच्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जाळीचं काम करताना भरावाच्या आतल्या कडेला आमचा पाय पडतो. कोरडा कागद उन्हात तापलेला असतो, तरी पाय धरतो. ओला झाला की सरकतो. पाण्याच्या रेषेपाशी बोटभर शेवाळ धरतं, तिथे तर धडधाकट माणसालाही तोल सावरता येत नाही. पाण्यात गेलेला माणूस काठाला येतो, हात टेकतो आणि परत खाली घसरतो. धरायला काही नाही, पाय रोवायला काही नाही. चार-पाच वेळा असं झालं की दम संपतो. पट्टीचे पोहणारे अशा तळ्यात गेले आहेत ते यामुळेच. आपल्या जुन्या बारवा याच्या उलट होत्या. बीड शहराजवळची सोळाव्या शतकातली खजाना बावडी असो की गावची एखादी पडकी बारव, पाण्यापर्यंत पायऱ्या बांधलेल्या असत. पाण्यात उतरायची वाट हीच बाहेर यायची वाट असे. कागदाच्या तळ्यात माणसासाठी वाट धरलेलीच नसते.

दुसरी गोष्ट अशी की या तळ्यात पुष्कळदा एकटं कोणी जात नाही. एक घसरतो, त्याला धरायला दुसरा उतरतो. बहीण-भाऊ, माय-लेक, जावा-जावा अशा बातम्या मराठवाड्याच्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येतात. धुणं धुवायला गेलेली बाई, हंडा बुडवायला वाकलेली मुलगी, सुटीत पोहायला गेलेली पोरं. आणि सगळ्यांत लहान वयाची ती मुलं, जी पोहायला जात नाहीत, नुसती चालत चालत पाण्यापाशी पोचतात.

शहरातल्या माणसाला वाटतं, मूल बुडताना आरडाओरडा होत असेल. तसं होत नाही. तोंड पाण्याच्या वर यायची खटपट चाललेली असते, श्वास घ्यायलाच वेळ नसतो, ओरडणार कधी? हात वर करून हाक मारणं सिनेमात असतं. लहान मूल पाण्यात गेलं की काही मिनिटांत खेळ संपतो आणि वीस पावलांवर भाकरी करणाऱ्या बाईला पत्ता लागत नाही. म्हणून ‘आमचं लक्ष असतंय’ या वाक्यावर मी विसंबत नाही. लक्ष असणारी माणसं चांगलीच असतात. पण तिन्हीसांजेला शेळ्या आत घ्यायच्या असतात, दूध काढायचं असतं, चुलीवर काहीतरी असतं. माणसाचं लक्ष चुकतं, तेव्हा जागेवर उभं राहणारं काहीतरी हवं.

आमच्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत. काही मुलं आईबापांबरोबर फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात आणि पुष्कळ मुलं आजी-आजोबांजवळ वस्तीवर राहतात. याच काळात तळी काठोकाठ असतात. साठीच्या पुढची आजी, गुडघे दुखणारी, आणि तीन-चार वर्षांचं पळतं मूल. त्या दोघांमध्ये पाणी आलं तर शर्यत कोण जिंकणार हे सांगायला नको.

अशाच एका वस्तीवर मी गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. अपघात होऊन थोडे दिवस झाले होते आणि चुलत्याने जाळीसाठी फोन केला होता. आमच्या धंद्यातली सगळ्यांत जड कामं ही अशीच येतात. मला वाटलं होतं, तळं उघडं असेल. तसं नव्हतं. चारी बाजूंनी सिमेंटचे खांब होते आणि काटेरी तारेचे तीन पदर होते. डुकरांसाठी मारलेले. सगळ्यांत खालचा पदर मुळात जमिनीपासून वीतभर वर असावा. पण भरावाची माती पावसाने वाहून गेली होती आणि एका कोपऱ्यात तारेखाली दीड फूट जागा मोकळी झाली होती. मोठ्या माणसाला ती दिसत नव्हती, कारण आपण तारेकडे वरून बघतो. चार वर्षांच्या मुलाला ती दाराएवढी होती.

आजोबा भरावावर बसले होते. मी टेप लावत होतो तेव्हा म्हणाले, “तार तर हुती की, दादा. तार असून बी कसं गेलं?” मी त्यांना त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं नाही. काय उपयोग होता? काम मात्र मी त्या दिवसापासून वेगळ्या रीतीने करतो. अँगल उतरवायच्या आधी तळ्याभोवती एक चक्कर गुडघ्यावर बसून, वाकून मारतो. माझ्या पोरांनाही तेच शिकवलं आहे. कुंपण उभ्याने तपासायचं नाही.

मापं कशी असावीत याचा शोध मी त्यानंतर घेतला. गेवराई भागातल्या एका बागायतदाराचा मुलगा ऑस्ट्रेलियात सिडनीला राहतो. त्याच्या भाड्याच्या घरामागे छोटा पोहण्याचा तलाव आहे. त्याने त्याच्या कुंपणाचे फोटो आणि नियम पाठवले. ते बघून मला नवल वाटलं. तिथे घरच्या तलावाच्या कुंपणासाठी कायदा आहे, न्यू साउथ वेल्स राज्याचा १९९२चा. कुंपण कमीत कमी बाराशे मिलिमीटर, म्हणजे चार फूट उंच. दोन उभ्या गजांत शंभर मिलिमीटरपेक्षा, म्हणजे चार इंचांपेक्षा जास्त फट नको. खालून जमिनीशीही तेवढीच. फाटक तलावाच्या उलट दिशेला, बाहेर उघडलं पाहिजे, सोडलं की आपोआप लागलं पाहिजे आणि आपोआप अडकलं पाहिजे. कडी जमिनीपासून दीड मीटरवर. कुंपणाजवळ नव्वद सेंटिमीटरच्या आत पाय ठेवून चढता येईल असं काहीही नको. तलाव असलेलं घर भाड्याने द्यायचं किंवा विकायचं तर या सगळ्याची तपासणी झाल्याचा दाखला लागतो. आणि तलावाजवळ, बुडालेल्याला श्वास कसा द्यायचा याचा फलक लावणं सक्तीचं.

चार इंचांचं कारण उघड आहे. त्याहून मोठ्या फटीतून लहान मूल अंग काढतं. दीड मीटरचं कारण, तीन-चार वर्षांच्या मुलाचा हात तिथे पोचत नाही. ही सगळी मापं मुलाच्या अंगावरून घेतलेली आहेत, हे वाचताना लक्षात येतं. आमच्या तारेची मापं डुकराच्या अंगावरून घेतलेली होती.

या नियमांतली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. घर आणि तलाव एकाच कुंपणात असले तर ते कुंपण मुलाच्या उपयोगाचं नाही. तलावाला स्वतःच्या चार बाजू हव्यात, घराकडचीसुद्धा. आमच्या वस्त्यांवर बहुतेक हेच चुकतं. शेतकरी खर्च करून सगळ्या रानाला तार मारतो. आत घर, गोठा, बाग आणि तळं. बाहेरून कोणी येऊ शकत नाही. पण मूल बाहेरून येणारच नसतं, ते घरातून येतं. मागचं दार उघडलं की सरळ भराव. मी अशा ठिकाणी स्पष्ट सांगतो, रानाची तार राहू द्या, तळ्याची जाळी वेगळी मारा आणि घराच्या बाजूने आधी मारा. हल्ली नगर रोडच्या बाजूला फार्महाऊस होत आहेत, पाहुण्यांसाठी छोटे पोहण्याचे हौद बांधतात. तिथे तर हौद ओसरीला लागूनच असतो, दिसायला छान म्हणून. लोणावळा, अलिबागकडच्या बंगल्यांत मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात त्या याच रचनेमुळे. हौद किती खोल आहे याला अर्थ नाही, ओसरी आणि पाणी यांच्यामध्ये बंद होणारं फाटक आहे की नाही, याला अर्थ आहे.

आता आमच्या जाळीबद्दल. बाजारात मिळते ती साखळी जाळी दोन किंवा तीन इंची चौकटीची असते. गुरांना, माणसांना अडवायला पुरते. पण त्या चौकटीत मुलाच्या पायाचा अंगठा बरोबर बसतो आणि पाच-सहा वर्षांचं मूल ती शिडीसारखी चढून जातं. अमेरिकेतल्या सरकारी सूचनांमध्ये तलावाभोवतीच्या साखळी जाळीची चौकट सव्वा इंचापेक्षा मोठी नको असं म्हटलं आहे, ते याच कारणाने. आमच्याकडे सगळी जाळी तेवढी बारीक घेणं परवडत नाही. मग मी असं करतो. जाळी पाच फुटी घेतो. खालच्या तीन फुटांना बाहेरून बारीक वेल्डमेश लावतो, म्हणजे पाय ठेवायला जागा मिळत नाही आणि आतलं पाणीही दिसत राहतं. काही जण खाली पत्रा किंवा हिरवी शेडनेट लावायला सांगतात. मी नको म्हणतो. तळं घरातून दिसलं पाहिजे. आत कोणी गेलंच तर कळलं पाहिजे.

खांब सात फुटी अँगलचे, दोन फूट जमिनीत काँक्रीटमध्ये आणि दहा फुटांपेक्षा जास्त अंतर नाही. कोपऱ्याच्या खांबांना तिरके टेकू देतो, नाहीतर जाळी ताणली की कोपरे आत वाकतात आणि वर्षभरात जाळीला पोट सुटतं. भरावाची माती नवी असते, ती दोन पावसाळे बसत राहते. म्हणून मी जाळी भरावाच्या बाहेरच्या पायथ्याशी, घट्ट जमिनीवर घेतो. काठावर घेतली तर जाळी लहान पडते, पैसे वाचतात, पण माती सरकली की खालून वाट होते. जाळीचं खालचं टोक चरात गाडून वर माती दाबतो. तीस बाय तीसच्या तळ्याला असं फिरायला साधारण पाचशे फूट जाळी लागते. खोदाई आणि कागद मिळून जो खर्च झालेला असतो, त्याच्या मानाने हा खर्च कमी असतो. पण तो शेवटी येतो आणि शेवटी हातात पैसे उरलेले नसतात. म्हणून माझं सांगणं असतं की पोकलेनवाल्याशी बोलाल त्याच दिवशी जाळीचाही हिशेब धरा.

चांगल्या जाळीचाही जीव फाटकात असतो. मी मारलेल्या जाळीवर सहा महिन्यांनी गेलो तर जाळी जशीच्या तशी असते आणि फाटक दगड लावून उघडं ठेवलेलं असतं. याला आळस म्हणून चालणार नाही, कारण बघावं लागतं. शेतीची थ्री-फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. मध्यरात्री लाईट आली की माणूस झोपेतून उठून मोटार चालू करायला धावतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पाना. दर वेळी कडी काढा, कडी लावा, हे होत नाही. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. मोटारीची पेटी, वॉल्व्ह, फिल्टर, खताची टाकी, जे जे रोज हाताळावं लागतं ते सगळं जाळीच्या बाहेर घ्यायचं. पाइप तेवढा आत जाईल. माणसाला रोज आत जायचं कारणच उरलं नाही की फाटक बंद राहतं. मासे सोडले असतील तर खाद्य टाकायला जावं लागतं, पण ते दिवसा आणि ठरल्या वेळी.

फाटकाची वरची बिजागरी मी किंचित आत घेतो, म्हणजे सोडलं की ते आपल्याच वजनाने लागतं. जिथे वारा जास्त, तिथे स्प्रिंग घालतो. कडी पाच फुटांवर, बाहेर उघडणारं. खाली उंबरठ्यासारखी सिमेंटची पट्टी, म्हणजे गुरांच्या येण्याजाण्याने माती उकरली तरी फट होत नाही. आणि शेवटी जाळीजवळचा पसारा काढायला लावतो. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, दगडांचा ढीग, प्लॅस्टिकचे क्रेट, पाइप, सगळं जाळीला टेकवून ठेवायची आपली सवय असते. मुलाला ती पायरी होते. शेवग्याचं किंवा आंब्याचं झाड जाळीला खेटून लावलं असेल तर त्याच्या खालच्या फांद्या छाटायला सांगतो.

एका तात्यांनी मला विचारलं होतं, “एवढं सगळं करून कुणीच आत जाणार न्हाई याची ग्यारंटी देतूस का?” मी दिली नाही. कुठलंही कुंपण वेळ मिळवून देतं, तेवढंच. मूल गायब आहे हे आजीच्या लक्षात यायला जी चार मिनिटं लागतात, ती चार मिनिटं जाळीने मुलाला बाहेर धरायची. म्हणून जाळीबरोबर आतली सोयही मी सांगतो. तळ्याच्या चारही बाजूंनी जाड नायलॉनचा दोर, हातहातभर अंतरावर गाठी मारलेला, वर लोखंडी खुंटीला पक्का बांधून पाण्यात सोडायचा. पाणी खाली गेलं तरी टोक पाण्यात राहील इतका लांब. जुने टायर एकमेकांना बांधून उतारावर सोडले तर त्यांची पायरी होते, मात्र त्यांतून निघालेल्या तारांनी कागद फाटणार नाही हे बघायचं. झाकण घट्ट लावलेला रिकामा ड्रम किंवा वीस लिटरचा कॅन दोरीला बांधून फाटकाजवळ टांगायचा.

आणि घरातल्या प्रत्येकाला, बायांना आणि मोठ्या मुलांना आधी, एक गोष्ट पाठ करून घ्यायची. कोणी पाण्यात पडलं तर मागे उडी घ्यायची नाही. दोर टाका, कॅन टाका, बांबू धरा, काहीच नसेल तर लुगडं सोडून फेका, पण स्वतः काठावर आडवं पडून, कुणाला तरी पाय धरायला लावून. बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका, खांद्यावर घेऊन पळवू नका. त्यात श्वासाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर पाठीवर झोपवा, डोकं मागे करा, नाक चिमटून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर तीस वेळा दाबा, दोन श्वास द्या, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा. दुसऱ्याने १०८ला फोन लावायचा. बुडालेल्या माणसाला श्वास कमी पडलेला असतो, म्हणून त्याच्या बाबतीत नुसती छाती दाबून भागत नाही.

सरकारी बाजूने काय आहे, तेही मी बघितलं. काही योजनांच्या अंदाजपत्रकात अस्तराबरोबर कुंपणही धरलेलं असतं. पण गावात मी जी तळी बघतो त्यांतली बरीच उघडी आहेत. पूर्वी बोअरवेलचं असंच होतं. २००६ साली हरियाणात कुरुक्षेत्राजवळ एक मूल बोअरमध्ये पडलं आणि जिवंत निघालं, ते देशाने टीव्हीवर बघितलं. पुढेही मुलं पडत राहिली. शेवटी २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सूचना दिल्या. खोदकाम चालू असताना भोवती काटेरी तार, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, तोंडाला लोखंडी झाकण, सोडून दिलेलं बोअर मातीने बुजवायचं. सहा-आठ इंचांच्या भोकासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मापं ठरवली. बावीस लाख लिटरच्या तळ्यासाठीही तेवढीच नेमकी मापं प्रत्येक गावात लावली गेली पाहिजेत.

अपघातानंतरच्या मदतीचंही लोकांना माहीत हवं. आपल्या जिल्ह्यातल्या नेत्याच्या नावाने चालणारी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पाण्यात बुडून मृत्यू झाला तर त्यात दोन लाख रुपये मिळतात. पण वयाची अट दहा ते पंच्याहत्तर वर्षांची आहे. तळ्यात चालत जाऊन पडणारं मूल तीन-चार वर्षांचं असतं. त्याच्यासाठी योजनेत जागा नाही. पैशाने मूल परत येत नाही हे खरं, पण सरकारी कागदावर ते मूल मोजलं जात नाही, हे मला खटकतं. ही अट बदलावी, असं मला मनापासून वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतली जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुलं होती. त्याच वर्षी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ठरवला. संघटना जे उपाय सांगते त्यांत पाण्याभोवती अडथळा उभा करणं आहे, लहान मुलांना पाण्यापासून लांब सांभाळायची जागा देणं आहे, मोठ्या मुलांना पोहायला शिकवणं आहे आणि गावातल्या लोकांना वाचवायचं शिक्षण देणं आहे. यातलं काहीच आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. अंगणवाडी गावात आहे, ती ऊसतोडीच्या महिन्यांत जास्त वेळ चालू ठेवता येईल. जाळी गावातला वेल्डर मारू शकतो. श्वास कसा द्यायचा हे आरोग्य उपकेंद्रातली ताई दाखवू शकते.

कृषी विभागाला माझी विनंती आहे, तळ्याचा शेवटचा हप्ता जाळी आणि फाटक बघूनच सोडावा आणि त्या दोन्हींचे पैसे अनुदानात धरावेत. ग्रामसभेने आपल्या शिवारातल्या तळ्यांची यादी करावी, कोणतं उघडं आहे ते वाचून दाखवावं. आणि ज्यांचं तळं आहे, त्यांनी हे वाचून झाल्यावर एकदा तळ्यावर जावं. उभ्याने बघू नका, आपल्या घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या उंचीएवढं खाली बसा आणि कुंपणाला एक फेरी मारा. जिथून तुम्हाला आत हात घालता येतो तिथून ते आत जाणार, असं धरून चला. दुरुस्त करता येत असेल तर त्याच आठवड्यात करा. नवं तळं घेणार असाल तर जाळी आणि आपोआप लागणारं फाटक झाल्याशिवाय त्यात पाणी सोडू नका.